कोयनेची खिरापत

कोयना राजकन्या नाही, असा निकाल खुर्च्यांनी दिला.

माणसांनी दिला असता तर केतकी मगदूम भांडली असती. भांडायला ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. पण खुर्चीशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

या खुर्च्या होत्या कोल्हापुरातल्या 'रंगडोह' नावाच्या अॅनिमेशन स्टुडिओत, तळमजल्यावरच्या छोट्या थिएटरात. निळ्या मखमलीच्या, मऊ, एकदा बसलेल्या पोराने उठूच नये अशा. त्या दुपारी आठ-दहा वर्षांच्या मुलींनी त्यांत बसून केतकीचा सिनेमा पाहिला, आणि तो संपताच शेजारच्या काचेच्या खोलीत, जिथे केतकी नखं खात उभी होती, तिथल्या पडद्यावर आकडा उमटला. राजांक अडतीस. सत्तरच्या वर गेली तर नायिका राजकन्या. खाली राहिली तर तिची रवानगी 'इतर पात्रे' या खात्यात.

इतर पात्रे म्हणजे बोलका पोपट, विसरभोळा वैद्य आणि दाढीवाला बोकड. केतकीने तीन वर्षं रक्त आटवून जी मुलगी कागदावर उभी केली, तिला चालवलं, बोलतं केलं, ती आता बोकडाच्या पंगतीला बसणार होती.

"तुमच्या मशीनला काही कळत नाही," केतकी म्हणाली.

"मशीनला मत नसतं, केतकीताई," ऋग्वेद सबनीस म्हणाला. "ते फक्त मोजतं."

ऋग्वेद हा मुंबईच्या वितरण कंपनीचा माणूस. सिनेमा कुठे लागणार, किती लागणार, हे त्याच्या हातात होतं. तिशीतला, नीटनेटका, आवाज कधी न चढवणारा. चहा आणणाऱ्यालाही अहो-जाहो करायचा. तो उर्मट असता तर केतकीला बरं वाटलं असतं, निदान शिव्या तरी मनापासून देता आल्या असत्या.

राजांक म्हणजे काय, हे त्याने सगळ्या स्टुडिओला एकदा समजावून सांगितलं होतं. खुर्चीच्या बैठकीत वजन ओळखणारं कापड होतं. मूल किती चुळबुळतं, पुढे सरकतं की मागे रेलतं, हे त्यावरून कळायचं. खुर्चीच्या हातांवरच्या पट्ट्या नाडी आणि तळहाताचा घाम टिपायच्या. समोरचा बारीक डोळा अंधारातसुद्धा मुलीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या किती रुंदावतात आणि ती श्वास कधी रोखते ते पाहायचा. राजकन्या कुणाला म्हणायचं, हे यंत्राला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला नुसते जुने सिनेमे दाखवले. ज्या नायिकांचे फ्रॉक, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या मुलींनी हट्ट करून घेतल्या, त्या पडद्यावर असताना मुलींच्या अंगात काय काय होतं, याच्या लाखो नोंदी त्याच्या पोटात घातल्या. त्यातून त्याचं ते शिकलं. आता नवी नायिका समोर आली, की बसलेल्या मुलींच्या अंगात तेच होतंय का, एवढंच ते बघायचं आणि आकडा सांगायचा.

आणि आकडा म्हणजे देवाचा कौल. ज्यांचा राजांक सत्तरच्या वर, त्यांचं 'राजकन्या मंडळ'. दप्तरावर ओळीने उभ्या असतात त्या सगळ्या जणी मंडळातल्या. ज्या सिनेमाची नायिका मंडळात नाही, तो मोठ्या थिएटरांत लागायचाच नाही. फार तर फोनवर कुठेतरी कोपऱ्यात पडून राहायचा, आणि तिथून तो शोधून काढायला लहान पोरींना कोण जातंय.

पूर्वी या गोष्टीवर माणसं निदान वाद तरी घालायची. बाप राजा असला की झाली राजकन्या? की नवरा राजपुत्र हवा? की अंगावर भरजरी लुगडं आणि गळ्यात गाणं असलं की पुरे? केतकीने असले वाद तासन्तास घातले होते, आणि तिच्या कोयनेची गोष्टच मुळी त्या वादातून जन्मली होती.

गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात तशीच. राजा मरतो, त्याला मूलबाळ नाही. मग हत्तीच्या सोंडेत माळ देतात, तो ज्याच्या गळ्यात घालील तो राजा. केतकीच्या सिनेमात तो हत्ती रुसतो. राजाच्या मागे त्याचं कशात मन लागत नाही, सरदार-दरकदार माना पुढे करून दमतात, पण हत्ती जागचा हलत नाही. तेव्हा विहीर खणणाऱ्याची मुलगी कोयना गावातल्या मुली गोळा करते. भोंडल्याला आपण पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतो ना, मग इथे तर खराच हत्ती उभा आहे, असं म्हणून त्या त्याच्याभोवती फेर धरतात. फेर संपल्यावर झाकलेलं ताट पुढे येतं, आणि भोंडल्याच्या रिवाजाप्रमाणे कोयना विचारते, ओळखा पाहू, खिरापत काय?

इथे सिनेमातल्या मुली गप्प होतात आणि कोयना थेट थिएटरातल्या मुलींकडे वळते. ती खरंच वाट बघते. ही करामत बशीरभाई मुजावरांची. बशीरभाई स्टुडिओचे आवाजवाले, पन्नाशी उलटलेले, कोल्हापुरी मोकळ्या तोंडाचे. त्यांनी थिएटरात माईक लपवले होते, मुली जे ओरडतील ते यंत्राने ओळखायचं आणि कोयनेने उत्तर द्यायचं. चुकीच्या उत्तराला ती मान हलवते, चिडवते. बरोबर उत्तर येईपर्यंत सिनेमा पुढे सरकत नाही. उत्तर आलं, की ताट उघडतं, वासाने हत्तीची सोंड वर जाते आणि माळ कोयनेच्या गळ्यात पडते.

चाचणीच्या दिवशी मुलींनी तिथे छप्पर डोक्यावर घेतलं होतं. पण उत्तर कुणालाच आलं नाही. शेवटी बशीरभाईंनीच काचेमागून माईकवर सांगितलं, तेव्हा कुठे सिनेमा पुढे गेला.

"पोरी नाचाय लागल्या की ओ," बशीरभाई आता म्हणाले. "मग अडतीस कशानं?"

"नाचल्या म्हणूनच," ऋग्वेद म्हणाला. "यंत्राच्या लेखी तो व्यत्यय आहे. मंडळातली नायिका आली की मुली स्तब्ध होतात. श्वास रोखून बघतात. तुमची कोयना आली की उठतात काय, ओरडतात काय. तिच्यात तल्लीन होत नाहीत." त्याने टॅब्लेट केतकीपुढे सरकवला. "यंत्राने दुरुस्त्या सुचवल्यात. फार नाहीत. हसू मिटलेलं हवं. चाल हलकी. आवाज अर्धा. आणि खिरापतीचा प्रसंग काढून त्या जागी कोयना तळ्यात स्वतःचं प्रतिबिंब बघते."

"कशाला?"

"सुंदर दिसेल."

केतकी तिथून तडक उठून आली. कोयनेचं ते हसू तिने मनाने काढलेलं नव्हतं. ते तिच्या लेकीचं होतं.

जुई सहा वर्षांची असताना गल्लीतल्या भोंडल्याला तिने खिरापत स्वतःच करायचा हट्ट धरला होता. स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि भडंगात केळं कुस्करून ताट झाकून बाहेर आणलं. सगळ्या गल्लीने ओळखायची शिकस्त केली. शिरा म्हणून झालं, वाटली डाळ म्हणून झालं, कुणी सरळ हात टेकले. भडंगात केळं घालायचं शहाण्या माणसाच्या डोक्यात येईल तरी कसं? मग जुईने ताट उघडलं आणि सगळ्यांची तोंडं बघून ती जी हसली, फाकलेले दोन दात, टाळूपर्यंत उघडं तोंड, हात कमरेवर, ते हसू केतकीने त्याच संध्याकाळी कागदावर उतरवलं. कोयना तिथून सुरू झाली. कोयनेच्या झाकलेल्या ताटातसुद्धा तेच होतं, आणि ते जुईचं आहे, हे केतकीने फक्त बशीरभाईंना सांगितलं होतं. कोयनेची चित्रं जुईने घरी पाहिली होती, पण ताटातलं गुपित तिला सिनेमा लागेल तेव्हा अचानक दिसावं, असा केतकीचा बेत होता.

आता जुई नऊ वर्षांची होती आणि तसं हसत नव्हती.

त्याचं कारण घरातच भिंतीवर टांगलेलं होतं. मागच्या दिवाळीला वितरण कंपनीने स्टुडिओतल्या सगळ्यांना 'राजआरसा' भेट दिला होता. खुर्चीतलंच यंत्र, पण उलटं फिरवलेलं. खुर्ची बघणारीला मोजायची, आरसा समोर उभी राहील तिलाच नायिका समजून मोजायचा, मंडळातल्या राजकन्यांशी ताडून बघायचा आणि गोड आवाजात आकडा सांगायचा. थोडं हळू हसा. मान जरा कलती. छान, आता एकतीस. केतकीने स्वतःच्या हाताने खिळा ठोकून तो लावला होता. पोरीला गंमत, एवढंच तिच्या मनात होतं. बाकी घरांतही सगळ्यांना एवढंच वाटलं. वर्षभरात गल्लीत आरसा नाही असं घर राहिलं नाही, आणि शाळेच्या गॅदरिंगला बाई आरशाचे आकडे विचारून भूमिका वाटू लागल्या. निवडणाऱ्याच्या माथी वाईटपणा येत नाही, म्हणून सगळे खूश. जुईचा आकडा चौतीसच्या वर जाईना. तिला झाड केलं. दोन्ही हात वर करून पाऊण तास उभं राहायचं होतं आणि ती ते न कुरकुरता करत होती. केतकीला खरं तर हेच जास्त खुपलं.

कोल्हापुरातल्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. जुईही म्हणायची. आरशाने ते सोडवलं. हसताना हात तोंडावर नेण्याची सवय लावली. यंदाच्या भोंडल्याला ती पोट दुखतंय म्हणून घरी बसली.

त्या संध्याकाळी केतकी घरी आली तेव्हा बातमी तिच्याआधी पोचली होती. स्टुडिओतल्या कुणाच्या तरी मुलीने शाळेत सांगितलं होतं.

"आई, कोयना राजकन्या नाही झाली?"

"नाही."

जुईने जिभेने आपले पुढचे दात चाचपले. मग म्हणाली, "तिचं हसू माझ्यासारखं आहे म्हणून ना?"

केतकी तिच्यापुढे खाली बसली. ती काही बोलणार तोच जुईने तिचा हात धरला. "आई, सांगतात तसं कर ना. हसू बंद कर तिचं. मग होईल ती. ती झाली की मग..." पुढचं ती बोलली नाही, आरशाकडे मात्र तिची नजर गेली. ती झाली की मग मीही होईन, एवढं साधं गणित होतं ते.

आणि केतकीने ऐकलं. इथे तिने आरसा फोडायला हवा होता, सबनीसच्या टॅब्लेटवर चहा ओतायला हवा होता. पण समोर पोर हात जोडल्यागत उभी असताना आईची अक्कल कुठे जाते, ते आईलाच ठाऊक. जुईला एकदा तरी जिंकल्यासारखं वाटू दे, एवढाच विचार तिच्या डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्त्या करायला घेतल्या.

कोयनेचे दात झाकले. खांदे उतरते केले. विहिरीच्या पायऱ्या दोन-दोन उतरणारी मुलगी आता पाण्यावरून चालल्यासारखी तरंगू लागली. खिरापतीचा प्रसंग निघाला, तळं आलं. तळ्यात कोयना स्वतःला बघते आणि कशी कोण जाणे हत्तीला ती तेवढ्यावरून आवडते. बशीरभाईंनी ते एकदा बघितलं आणि तंबाखूची डबी खिशात ठेवून दिली.

"बाई, ही कोण?" ते म्हणाले. "आमची पोरगी कुठं गेली?"

केतकी तळ्यातल्या लाटा नीट करत राहिली.

नव्या चाचणीला जुईसुद्धा बसली. स्टुडिओतल्या लोकांच्या मुली चाचणीला लागायच्याच; पहिल्या वेळी ताटाचं गुपित राहावं म्हणून केतकीने तिला आणलं नव्हतं. काचेच्या खोलीतल्या पडद्यावर प्रत्येक खुर्चीचा एक चौकोन होता, त्यात त्या मुलीचा अंधारातला चेहरा आणि खाली हलत्या रेषा. पहिल्या पंधरा मिनिटांतच ऋग्वेदने हसून मान डोलावली. आकडा चढत होता. तळ्याचा प्रसंग आला तेव्हा तो ब्याऐंशीवर होता आणि खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केतकीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती जुईच्या चौकोनाकडे बघत होती.

माणसाचं अंग कसं हलतं, हे बघण्यात केतकीचं आयुष्य गेलं होतं. तल्लीन झालेलं मूल तिने शेकडो वेळा चितारलं होतं. तल्लीन मूल सैल सुटतं. तोंड अर्धवट उघडं राहतं, पाय आपोआप हलतात, अंग पुढे झुकतं, हातातला खाऊ हातातच राहतो. जुई स्थिर होती, पण अशी नाही. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. पाठ ताठ. श्वास वरच्यावर. पडद्यावरची कोयना पाण्यात बघून मिटलं हसू हसली, आणि जुईचा हात हळूच वर आला व तिने स्वतःचं तोंड झाकलं. केतकीने शेजारचा चौकोन बघितला. तिथली मुलगी झगा गुडघ्यावर ओढत होती. तिच्या पलीकडची केस कानामागे सारत होती, पुन्हा पुन्हा. सगळ्या स्तब्ध. वर्गात बाईंनी उभं केल्यावर मुली जशा होतात तशा.

"सबनीस," केतकी म्हणाली, "या तल्लीन नाहीत. या लाजल्यात."

"म्हणजे?"

"बघा ना नीट. पोरी स्वतःला तपासतायत. आपण कमी आहोत, असं वाटल्यावर माणूस असं अंग चोरतं. तुमचं यंत्र हे मोजतं. जिच्यापुढे पोरींना आपण कुणीच नाही असं वाटेल, ती राजकन्या. एवढाच त्याचा अर्थ आहे."

तिला वाटलं होतं, तो दचकेल. निदान नाही म्हणेल. ऋग्वेदने चष्मा काढून पुसला.

"आम्हाला हे माहीत आहे, केतकीताई," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. पण विक्रीचा मेळ त्याच्याशीच बसतो. आपल्यात काही उणं आहे असं वाटल्याशिवाय कुठली मुलगी राजकन्येचा फ्रॉक मागेल? जी खुशीत असते ती काही मागत नाही. ती खेळायला जाते."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की केतकीला आधी कळायलाच वेळ लागला. मग मात्र तिचं डोकं तापलं. तीन वर्षं जी मुलगी तिने वाढवली होती, ती तिने स्वतःच पोरींना खाली बघायला लावायला उभी केली होती. आणि घरी स्वतःच खिळा ठोकला होता.

"गोष्टीत हत्ती कुणाच्या गळ्यात माळ घालतो, सांगा," ती म्हणाली.

"मी समजलो नाही."

"सगळे सरदार नटूनथटून रांगेत उभे असतात. हत्ती त्यांना ओलांडून जातो आणि कडेला उभ्या असलेल्या कुणाला तरी माळ घालतो. ज्याला कुणी मोजलेलं नसतं त्याला. म्हणून ती गोष्ट होते. तुमचा हत्ती रांगेतल्याच माणसाला माळ घालतो, आणि बाकीच्यांना रांगेत उभं राहायला शिकवतो."

"ब्याऐंशी आलेत," ऋग्वेद समजुतीने म्हणाला. "आठवड्याने शेवटची मोजणी. वितरक येतील. तुम्ही थोडी विश्रांती घ्या."

केतकी बाहेर आली तेव्हा बशीरभाई जिन्यात उभे होते. काचेची खोली काही फार जाड काचेची नव्हती.

"जुना सिनेमा अजून हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "पुसला न्हाई."

"माझ्याबरोबर तुमचीही नोकरी जाईल, बशीरभाई."

"जाऊ दे की. चाळीस येळा 'अंहं' म्हणवून घेतलोय कोयनेचा आवाज देणाऱ्या पोरीकडनं, समदे येगळे. कुणीतरी ऐकाय नको?"

शेवटच्या मोजणीला नियम कडक होते. एकदा सिनेमा सुरू झाला की थांबवायचा नाही. थांबला तर नायिका नापास. मुली गावातल्या वेगवेगळ्या शाळांतून आणलेल्या होत्या, नियमाप्रमाणे कोयनेला आधी कधीच न पाहिलेल्या. जुईला घेऊ नये, असं ऋग्वेदचं म्हणणं होतं, कारण तिने सिनेमा पाहिला होता. केतकीने एवढी एकच गोष्ट मागून घेतली. पोरीला शेवटी एकदा बसू द्या, म्हणाली. ऋग्वेद तसा भला माणूस, त्याने मान्य केलं. पहिल्याच रांगेत, कडेच्या खुर्चीवर जुईला जागा मिळाली.

घरून निघताना केतकीने तिला काहीच सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं म्हणून ओरडणं म्हणजे आरशाचंच ऐकणं, फक्त आरसा दुसरा.

सुरुवातीलाच कोयना पायऱ्या दोन-दोन चढत विहिरीतून वर आली आणि तोंड भरून हसली. ऋग्वेदने वळून केतकीकडे बघितलं. मग बशीरभाईंकडे. बशीरभाई छताकडे बघत होते. वितरक समोर बसलेले, थांबवायची सोय नाही. ऋग्वेद दातओठ न खाता, पण अगदी पांढराफटक होऊन उभा राहिला.

जुई मात्र दचकली. तिच्या चौकोनात ते स्पष्ट दिसलं. ती त्या हसण्याकडे बघत राहिली आणि तिचा हात सवयीने तोंडावर गेला.

आकडा पंचेचाळीसवरून घसरत होता. मुली आधी बुजल्या, कारण त्यांनाही खुर्चीत नीट बसायची सवय लागलेली होती. मग हत्ती रुसून बसला तेव्हा एक जण फिसकन हसली. सरदारांची फजिती झाली तेव्हा मागच्या रांगेत खिदळणं सुरू झालं. फेर धरला, गाणं झालं, ताट आलं. कोयनेने कमरेवर हात ठेवले आणि थिएटराकडे तोंड केलं.

"ओळखा पाहू, खिरापत काय?"

क्षणभर कुणाला कळेना, ही आपल्याला विचारते आहे.

"शिरा," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"अंहं," कोयना म्हणाली. थिएटरात एकच हशा उसळला.

मग धरबंद राहिला नाही. वाटली डाळ. करंज्या. श्रीखंड. कुणी पिझ्झा म्हणालं, तेव्हा कोयनेने डोळे मोठे केले आणि हत्तीसुद्धा हसला. मुली खुर्च्यांवर गुडघे टेकून ओरडू लागल्या. एक उभी राहिली. तिच्या चौकोनातल्या रेषा बंद पडल्या आणि तिथे अक्षरं उमटली: आसन रिकामे. दुसरी उठली. आसन रिकामे. यंत्राला वजन लागत नव्हतं, नाडी लागत नव्हती, त्याच्या डोळ्यासमोर चेहरा नव्हता. समोर घसा फोडून ओरडणाऱ्या मुली त्याच्या हिशेबी घरी गेल्या होत्या.

पण उत्तर येईना. येणार कुठून? ओळखण्यासारखं सगळं ओळखून झालं, चिवड्यापासून चॉकलेटपर्यंत. आवाज हळूहळू उतरले. कोयना वाट बघत होती. हत्ती वाट बघत होता. सिनेमा तिथेच थांबला होता, आणि नियमाप्रमाणे असाच राहिला तर कोयना नुसती राजकन्या होण्यातूनच नव्हे, माळेतूनही जाणार होती.

"ताई, सांगू का माईकवरनं?" बशीरभाईंनी विचारलं.

"नको," केतकी म्हणाली.

जुईच्या चौकोनातल्या रेषा अजून चालू होत्या. सगळ्या थिएटरात ती एकटीच बसलेली होती. ती पडद्याकडे बघत होती, झाकलेल्या ताटाकडे, कमरेवरच्या हातांकडे, त्या फाकलेल्या दातांकडे. तिला कळलेलं होतं. कुणाचं हसू आहे ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, ताटात काय आहे ते तिला आत्ता कळलं होतं. आणि हात तोंडावरच होता. केतकीने काचेला कपाळ टेकवलं. तिच्या मनात ना सिनेमा होता ना सबनीस. उघड ग पोरी तोंड, एवढंच ती मनात म्हणत होती.

"हरलात?" कोयनेने विचारलं. बशीरभाईंनी हे वाक्य अगदी शेवटी ठेवलं होतं.

जुई उठली. नुसती उठली नाही, खुर्चीवर चढली.

"मी सांगतो," ती ओरडली. "मी सांगतो, मला म्हाईत हाय. भडंगात केळं."

ताट उघडलं. भडंगात केळं बघून पडद्यावरच्या मुलींनी तोंडं वाकडी केली, थिएटरातल्या मुलींनी त्याहून वाकडी केली. हत्तीची सोंड वर गेली, माळ कोयनेच्या गळ्यात पडली. कोयना हसली, आणि खुर्चीवर उभी असलेली जुई तिच्याकडे बघून हसली. दोघींचेही दात पडद्याच्या उजेडात दिसत होते.

काचेच्या खोलीतला शेवटचा चौकोन विझला. सगळ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत 'आसन रिकामे' आणि तळाशी निकाल: राजांक काढता येत नाही. प्रेक्षागृहात कुणीही उपस्थित नाही.

वितरक एकेक करून उठले. ऋग्वेद काचेतून त्या गोंधळाकडे बराच वेळ बघत राहिला. "तुम्ही स्वतःच्या हाताने सिनेमा बुडवलात," तो शेवटी म्हणाला. आवाज याही वेळी चढला नव्हता.

"बुडवला होता," केतकी म्हणाली. "गेल्या महिन्यात."

थोड्या वेळाने जुई धावत काचेच्या खोलीत आली. घामेजलेली, घसा बसलेला. खोलीत माणसं का उठून चाललीत ते तिला कळेना. तिने पडद्यावरची अक्षरं वाचली.

"आई, ती राजकन्या नाही झाली?"

"नाही झाली," केतकी म्हणाली. पोरीशी खोटं बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. "हे म्हणतात, थिएटरात कुणी नव्हतंच."

जुईने पडद्याकडे बघितलं, मग आईकडे. तिला त्यात काही अडचण दिसेना.

"हत्तीनं माळ घातली की तिला," ती म्हणाली. "मी बघितलो."